'रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन' मुळात कोणाचं?

तुम्ही विचारलंय: चर्चच्या कॉयरसाठी 'रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन' बसवतोय, घरात सगळे त्याला बोनी एमचं गाणं म्हणतात, एक मित्र म्हणतो ते मूळचं जमैकाचं आणि दुसरा म्हणतो ते सरळ बायबलमधलं. मग खरं कोणाचं, आणि कोणतं व्हर्जन ऐकून बसवावं?

तुमचे दोन्ही मित्र बरोबर आहेत. शब्द बायबलमधले, गाणं 'द मेलोडियन्स' या किंग्स्टनच्या तिघांचं, साल १९७०. बोनी एम या पॉप गटाचं व्हर्जन आठ वर्षांनी आलं आणि इतकं गाजलं की मूळ गाणाऱ्यांची नावं मागे पडली. मला हे गाणं अतिशय प्रिय आहे, आणि मेलोडियन्सचं नावही न घेता ते वाजवलं जातं तेव्हा जिवाला लागतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी शब्द. मराठी बायबलमधली स्तोत्रसंहिता उघडा आणि १३७ वं स्तोत्र वाचा. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात बाबेलच्या, म्हणजेच बॅबिलॉनच्या, नबुखद्नेस्सर राजाने यरुशलेम जिंकलं, तिथलं मंदिर उद्ध्वस्त केलं आणि यहुदी लोकांना धरून आपल्या मुलखात नेलं. ते लोक बाबेलच्या नद्यांकाठी बसून सियोनेच्या, म्हणजे आपल्या यरुशलेमच्या, आठवणीने रडतात. पकडून नेणारेच वर त्यांना म्हणतात, तुमच्याकडचं एखादं गाणं म्हणून दाखवा. तेव्हा ते विचारतात, परक्या भूमीत परमेश्वराचं गीत आम्ही गावं तरी कसं? गाण्याचा पहिला भाग एवढाच आहे. दुसरा भाग १९ व्या स्तोत्राच्या शेवटच्या ओळीतून आलाय: तोंडचे शब्द आणि मनातलं चिंतन तुला मान्य होवो. इथे एक गोष्ट नीट बघा. स्तोत्रात 'माझ्या तोंडचे शब्द' आहे, गाण्यात ते 'आमच्या तोंडचे' झालंय. एकट्याची प्रार्थना सगळ्यांची झाली. कॉयरने हे गाणं गावं याचं याहून चांगलं कारण मला तरी सुचत नाही.

१३७ व्या स्तोत्राचा शेवट मात्र कुठल्याच लोकप्रिय व्हर्जनमध्ये तुम्हाला सापडणार नाही. तिथे सूडाची भाषा आहे, शत्रूची बाळं खडकावर आपटण्यापर्यंत गेलेली. ज्यांचं सगळं लुटलं गेलं त्यांचा तो संताप आहे. गाणं तिथपर्यंत न जाता आधीच थांबतं आणि १९ व्या स्तोत्राकडे वळतं. या जोडणीमुळे विलापाची प्रार्थना होते, आणि ती करणाऱ्याची समज मला फार मोठी वाटते.

आफ्रिकेतून पळवून आणलेल्या आणि मळ्यांवर राबवलेल्या लोकांना हे स्तोत्र आपलंच वाटावं यात नवल नाही. गुलामीतून निसटलेले फ्रेडरिक डग्लस यांना १८५२ साली अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनानिमित्त भाषणाला बोलावलं होतं. त्यांनी त्या भाषणात याच स्तोत्राच्या ओळी म्हणून दाखवल्या. आम्हाला बेड्यांत ठेवून तुमच्या आनंदाची गाणी आम्हीच म्हणावीत असं तुम्हाला वाटतं का, असा त्याचा रोख होता.

जमैकात हीच गोष्ट रास्ताफारी लोकांनी पुढे नेली. १९३० मध्ये रास तफारी मकोनेन इथिओपियाचे सम्राट हायले सेलासी झाले. वसाहतीत दबून राहिलेल्या जमैकातल्या गरीब काळ्या माणसांपैकी काहींना त्यांच्यात देव दिसला. तेच रास्ताफारी. या लोकांच्या बोलण्यात सियोन म्हणजे इथिओपिया, आफ्रिका, आपलं घर. बॅबिलॉन म्हणजे ज्यांनी तिथून उचलून आणलं ते, आणि आज छळणारी व्यवस्थाही; पोलिसालाही 'बॅबिलॉन'च म्हणायचं. सेलासी म्हणजे 'किंग अल्फा'. त्यांच्या मेळाव्यांत ढोलांच्या साथीने स्तोत्रं गायली जायची आणि गाताना शब्द आपल्या श्रद्धेप्रमाणे बदलले जायचे. १३७ वं स्तोत्र त्यांत होतंच.

पण 'रास्ता', म्हणजे रास्ताफारी, असणं तेव्हा सोपं नव्हतं. जमैकाला स्वातंत्र्य १९६२ ला मिळालं आणि पुढच्याच वर्षी, एप्रिल १९६३ मध्ये, कोरल गार्डन्स इथल्या हिंसक चकमकीनंतर पोलिसांनी रास्तांची धरपकड केली, मारहाण केली, जटा कापल्या. त्याबद्दल जमैकाच्या पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली ती थेट २०१७ मध्ये. एप्रिल १९६६ मध्ये सेलासी स्वतः किंग्स्टनला आले तेव्हा विमानतळावर लोटलेला जनसागर पाहून राज्यकर्ते हबकले होते. १९६८ मध्ये इतिहासाचे प्राध्यापक वॉल्टर रॉडनी यांना सरकारने देशात परत येऊ दिलं नाही, त्यावरून किंग्स्टनमध्ये दंगल उसळली. कृष्णवर्णीयांच्या हक्कांवरच्या पुस्तकांवरही सरकार बंदी घालत होतं. गाणं आलं ते या वातावरणात.

मेलोडियन्स म्हणजे ब्रेंट डाऊ, टोनी ब्रेव्हेट आणि ट्रेव्हर मॅकनॉटन. टोनीचा भाऊ लॉइड हा 'स्काटालाइट्स' या गाजलेल्या बँडचा बास वाजवणारा. साठच्या दशकात तिघांनी रॉकस्टेडी या रेगेच्या आधीच्या जमैकन शैलीतली प्रेमगीतं गाऊन चांगलं नाव कमावलं होतं. डाऊ आणि मॅकनॉटन यांनी लिहिलेलं हे गाणं निर्माता लेस्ली काँगने आपल्या 'बेव्हर्लीज' लेबलवर काढलं. काँग हा चिनी वंशाचा जमैकन. त्याचं कुटुंब किंग्स्टनला आइस्क्रीमचं दुकान चालवायचं आणि तिथेच रेकॉर्डही विकायचं. बॉब मार्लीचं पहिलं गाणं १९६२ ला यानेच रेकॉर्ड केलं, आणि डेस्मंड डेकरचं 'इस्राएलाइट्स' यानेच इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर पोचवलं.

डाऊने पुढे सांगितलेली हकीकत अशी. रास्ताफारी विचार लोकांपर्यंत पोचावा म्हणून त्याने हे स्तोत्र रेगेत बांधलं. गाण्यात 'परमेश्वराचं गीत' च्या जागी 'किंग अल्फाचं गीत' आलं आणि प्रार्थनेच्या शेवटी 'फार-आय' ही सेलासीला घातलेली हाक आली. सरकारला यात चिथावणी दिसली आणि गाण्यावर बंदी आली. काँग चिडला. जमैकातले ख्रिस्ती लोक पूर्वापार जी स्तोत्रं गात आलेत त्यांतलेच जवळजवळ सगळे शब्द आहेत, त्यांच्यावर तुम्ही बंदी कशी घालता, असा त्याचा सवाल होता. बंदी उठली आणि तीन आठवड्यांत गाणं जमैकात पहिल्या क्रमांकावर गेलं.

काँगला पुढचं यश पाहायला मिळालं नाही. १९७१ च्या ऑगस्टमध्ये अवघ्या ३७ व्या वर्षी हृदयविकाराने तो गेला.

आता मूळ रेकॉर्डिंग हेडफोन लावून ऐका. बास पुढे आहे, गाण्याला चालवतो तोच. गिटार मात्रांच्या मधल्या जागेत तुटक 'चक् चक्' करते, ऑर्गन मागे बुडबुडत राहतो. तीन आवाज एकमेकांना धरून चालतात, पण कोणी कोणावर चढत नाही. घाई अजिबात नाही. रडण्याची ओळ येते तेव्हाही आवाज रडवेला होत नाही. दुःख आहे, पण कणा ताठ आहे. आणि शेवटाकडे असा भाग येतो जो बायबलमध्ये नाही: भावांनो, बहिणींनो, स्वातंत्र्याचं गाणं मोठ्याने गा, असं आवाहन. इथे स्तोत्राचा मोर्चा होतो. माझ्या मते अख्ख्या गाण्याचा जीव या भागात आहे. परक्या भूमीत गाणं कसं गायचं या अडीच हजार वर्षं जुन्या प्रश्नाला तिघांनी दिलेलं उत्तर तिथे ऐकू येतं: असं गायचं, मोकळ्या गळ्याने.

१९७२ मध्ये पेरी हेन्झेलचा 'द हार्डर दे कम' हा जमैकन चित्रपट आला, त्यात जिमी क्लिफ नायक होता. त्याच्या साउंडट्रॅकवर हे गाणं होतं. जमैकाबाहेरच्या कितीतरी लोकांनी रेगे पहिल्यांदा ऐकलं ते या अल्बममुळे. लिंडा रॉन्स्टॅट या अमेरिकन गायिकेने १९७६ मध्ये, म्हणजे बोनी एमच्याही दोन वर्षं आधी, वाद्यांशिवाय गायलेला याचा छोटासा तुकडा आपल्या अल्बममध्ये घातला. मिनिटभरही नाही, पण ऐकाच. नुसते आवाज या चालीला किती शोभतात ते तिथे कळतं.

आणि मग १९७८. फ्रँक फारियन हा पश्चिम जर्मनीतला निर्माता. बोनी एम हा त्याने जमवलेला गट: लिझ मिचेल आणि मार्शा बॅरेट या दोघी जन्माने जमैकन, मेझी विल्यम्स मॉन्सेरातची, बॉबी फॅरेल अरुबाचा. रेकॉर्डवर गायचं काम लिझ आणि मार्शाचं, पुरुषाचा आवाज खुद्द फारियनचा. स्टेजवर जीव तोडून नाचणारा बॉबी रेकॉर्डवर गात नव्हता. फारियनला जुनी गाणी नव्याने करायची आवड होतीच, त्याआधी त्यांनी मार्लीचं 'नो वुमन, नो क्राय'ही केलं होतं.

हे व्हर्जन इंग्लंडात पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. तबकडीच्या दुसऱ्या बाजूला 'ब्राउन गर्ल इन द रिंग' होतं, जमैकातल्या मुलांचं फेर धरून खेळायचं गाणं. पहिली बाजू उतरणीला लागल्यावर रेडिओवाल्यांनी तबकडी उलटली, आणि तीच तबकडी परत दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढली. एकट्या ब्रिटनमध्ये २० लाखांहून जास्त प्रती खपल्या. हे गाणं तिकडे बाजारात आलं त्याच एप्रिलमध्ये किंग्स्टनला बॉब मार्लीने राजकीय खूनबाजी थांबावी म्हणून भरलेल्या जलशात दोन कट्टर विरोधी नेत्यांना स्टेजवर बोलावून त्यांचे हात एकमेकांच्या हातात दिले होते. बॅबिलॉन म्हणजे काय हे तिथल्या लोकांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

बोनी एमने बदललं काय? 'किंग अल्फा' गेला, त्याच्या जागी पुन्हा 'लॉर्ड' आला, म्हणजे शब्द बायबलकडे परत गेले. 'फार-आय' च्या जागी 'हिअर टुनाइट' आलं. सेलासीला घातलेली हाक जाऊन 'आज रात्री इथे' असं झालं, प्रार्थनेच्या जागी मैफलीचं आमंत्रण. आणि स्वातंत्र्याचं आवाहन गळलं. त्याऐवजी पाठीमागच्या आवाजांत प्रेमाचं गाणं गा असं येतं. बंदीचं कारण ठरलेली एकूण एक गोष्ट काढून टाकली गेली. युरोपातल्या बाजारासाठी फारियनने हे केलं हे उघड आहे, आणि मला ते खटकतं. ज्या दोन-चार शब्दांसाठी सरकारशी भांडावं लागलं तेच शब्द इतक्या सहज गेले.

त्याहून खटकतं ते श्रेयाचं. बोनी एमच्या सिंगलच्या सुरुवातीच्या प्रतींवर गीतकार-संगीतकार म्हणून फारियन आणि त्याचा सहकारी रेयाम यांचीच नावं होती. डाऊ आणि मॅकनॉटन यांच्याशी करार झाल्यावर पुढच्या प्रतींवर त्यांची नावं आली. आपल्याकडे एखाद्या जुन्या अभंगाला कोणी नवी चाल लावली तरी शेवटच्या कडव्यात 'तुका म्हणे' राहतंच, त्यामुळे कवी हरवत नाही. रेकॉर्डच्या धंद्यात ती सोय नाही. तबकडीच्या मधल्या गोल कागदावर जे छापलं तेच खरं, आणि मानधनही त्याच नावांना.

असं असलं तरी बोनी एमचं व्हर्जन टाकाऊ म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. रेगेचे जाणकार त्याला हलकं समजतात. त्यांनी लिझ मिचेलचा आवाज एकदा शांतपणे ऐकावा. सुरुवातीला नुसतं गुणगुणणं आहे, शब्द नाहीत, मग आवाज हळूहळू भरत जातात. ती बाई क्लॅरेंडन परगण्यात जन्मली, लहानपणीच लंडनला गेली. सियोनेपासून लांब असणं म्हणजे काय हे तिला फारियनने शिकवायची गरज नव्हती, आणि ते तिच्या गळ्यात आहे. ठेका सरळ झालाय, व्हायोलिनं आलीत, टाळ्या वाजवणं सोपं झालंय, पण मध्यभागी एक जमैकन बाई आपलं लहानपणापासूनचं स्तोत्र मनापासून गातेय.

आपल्याकडे हे गाणं आलं ते याच आवाजात, रेकॉर्ड आणि कॅसेटमधून. गोव्यात, वसईत, वांद्र्यात नाताळ जवळ आला की बोनी एम लागतंच. त्याच १९७८ च्या नाताळात त्यांचं 'मेरीज बॉय चाइल्ड' गाजलं होतं, त्यामुळे घरोघरी दोन्ही गाणी एकाच दमात वाजतात. म्हणूनच पुष्कळांना 'रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन' हेही नाताळचं गाणं वाटतं. ते तसं नाही. ते हद्दपारीचं गाणं आहे, आणि तुमच्या कॉयरला हे आधीच सांगा, कारण गाण्याचा चेहरा त्याने बदलतो.

पुढच्या व्हर्जन्समध्ये तीन मला महत्त्वाची वाटतात. कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचच्या 'सब्लाइम' या बँडचं १९९२ चं, लोकांसमोर गिटारवर गायलेलं. ब्रॅडली नोवेलने ते मेलोडियन्सकडून घेतलंय हे पहिल्या ओळीतच कळतं. दुसरं स्टीव्ह अर्लचं, १९९५ च्या 'ट्रेन अ कमिन'' या अल्बमवरचं, सोबत एमिलू हॅरिसचा आवाज. अर्ल नुकताच व्यसन आणि तुरुंग यांतून बाहेर आला होता, आणि कैदेची ओळ तो ज्या तऱ्हेने गातो ती ऐकताना हे विसरता येत नाही. तिथे रेगे नावालाही नाही, मँडोलिन आणि गिटार आहे, तरी गाणं कुठेही परकं वाटत नाही. तिसरं सिनेड ओकॉनरचं, २००७ च्या 'थिऑलॉजी' मधलं. ती आयर्लंडची, त्याआधी किंग्स्टनला जाऊन तिने रेगे गाण्यांचा आख्खा अल्बम केला होता, इतकी या संगीताची ओढ तिला होती. तिने शब्दांत बरेच बदल केलेत आणि स्तोत्राच्या जवळ जायचा प्रयत्न केलाय. ऐकायला जड आहे, पण एकांतात ऐकावं असं.

मेलोडियन्सपैकी आता कोणी नाही. डाऊ २००६ मध्ये, ब्रेव्हेट २०१३ मध्ये, मॅकनॉटन २०१८ मध्ये गेला. फारियन २०२४ मध्ये गेला.

आता तुमच्या कॉयरचं. चालीला तीन कॉर्ड पुरतात, त्यामुळे गिटारवाल्याची अडचण येणार नाही. अडचण येईल ती लयीची. सगळ्यांच्या कानात बोनी एम असल्याने गाणं आपोआप पळायला लागेल. पहिल्या तालमीला मेलोडियन्सचं रेकॉर्डिंग सगळ्यांना दोनदा ऐकवा आणि त्याच लयीत बसवा. सुरुवातीचं गुणगुणणं बोनी एमकडून घ्या, ते कॉयरला सुंदर शोभतं. वाद्यं कमी असतील तर रॉन्स्टॅटसारखं पहिलं कडवं नुसत्या आवाजांत गा, मग बास आणि गिटार आणा. 'किंग अल्फा' चर्चमध्ये गाणं तुमच्या श्रद्धेला पटणार नाही हे मी समजू शकतो, तिथे 'लॉर्ड' ठेवा, ते मूळ स्तोत्रातलंच आहे. पण 'हिअर टुनाइट' घेऊ नका, आणि स्वातंत्र्याचा भाग अजिबात गाळू नका. तो सगळ्यांनी मिळून, आवाज न दाबता म्हणायचा आहे. आणि कार्यक्रमपत्रिकेवर गाण्याखाली छापा: ब्रेंट डाऊ, ट्रेव्हर मॅकनॉटन; मूळ गायन, द मेलोडियन्स, जमैका, १९७०.